डोळ्यातला वायू आणि माझं चुकलेलं पत्रक

आमच्या घरात रद्दी कधी साठली नाही. छापलेला कागद हा वाटण्यासाठीच असतो, अशी आमची समजूत होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, लोह्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होते आणि उरलेल्या वेळात विज्ञानाचा प्रचार करणाऱ्या एका लहानशा मंडळासाठी पत्रकं लिहायचे. भानामतीविरुद्ध पत्रक, विहिरीत औषध टाकण्याबद्दल पत्रक, मुलींच्या शाळेसाठी एसटी सुरू करा म्हणून पत्रक. इतर पोरं ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचून शिकली. मी शिकले ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ वाचून. चौथीत बाईंनी ‘माझा आवडता सण’ लिहायला सांगितलं, तेव्हा मी निबंधाच्या शेवटी तीन मागण्या लिहिल्या होत्या.

अशा घरात वाढलं की एक खोड लागते. समोरचा काय म्हणतो ते ऐकून घेण्याआधीच त्याच्या विरुद्ध वाक्य तयार होतं. ही खोड आहे हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही डोळ्यातल्या एका वायूमुळे.

आमची सगळी पत्रकं नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका छापखान्यात छापली जातात. छापखाना चाचांचा. त्यांचे आजोबा हाताने उर्दू लिहून शिळेवर छापायचे, वडील खिळे जुळवायचे, चाचा ऑफसेटचं छोटं मशीन चालवतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांच्या जाहिराती, आणि अधूनमधून आमचं बंड. या छापखान्यात पत्रक पास करायची एक पद्धत आहे, ती अप्पांच्या तरुणपणापासून चालत आली. लिहिणाऱ्याने मशीनपाशी उभं राहायचं आणि मशीन चालू असताना पत्रक मोठ्याने वाचायचं. चाचा काम करता करता ऐकणार. ज्या वाक्याला त्यांना मान वर करून ‘क्या बोले?’ विचारावं लागेल, ते वाक्य कापायचं. मशीनच्या आवाजातून जे पार होईल ते बाजाराच्या आवाजातूनही पार होईल, असा त्यामागचा हिशोब. म्हणून आमची वाक्यं लहान असतात, ठणठणीत असतात. खरी असतात का, हे तपासायची वेगळी पद्धत नव्हती. आम्ही लिहितोय म्हणजे खरीच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता मी लातूरला मुलींच्या एका वसतिगृहात रेक्टर आहे. क्लाससाठी आलेल्या मुली असतात. पहाटे उठतात, भिंतीवर चिकटवलेली सूत्रं पुटपुटत दात घासतात. त्यांच्यात किनवटकडची एक मुलगी होती. जंगलातल्या गावची, निवासी शाळेत शिकलेली, मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी. चष्मा इतका जाड की समोरून तिचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. बोलायची कमी, विचारायची जास्त. तिच्या क्लासमध्ये मार्कांप्रमाणे बसवत आणि ती त्या वेळी शेवटून दुसऱ्या बाकावर होती. म्हणजे चष्मा नसेल तर फळा नाहीच.

एके दिवशी ती चष्म्याशिवाय जेवायला आली आणि वरणाच्या पातेल्यात पोळी शोधू लागली.

‘चष्मा फुटला का गं?’

‘न्हाई ताई, सोडलाय. आठ दिवस लावायचा न्हाई म्हणून लिहिलंय.’

‘कुठं लिहिलंय?’

तिने खिशातून गुळगुळीत कागदाची घडी काढली. पहिल्यांदा मला हेवाच वाटला. असा कागद आमच्या मंडळाला जन्मात परवडला नसता. क्लासच्या गल्लीत एक नवीन टपरी लागली होती, तिथे एक चूर्ण मिळत होतं, आणि हा त्याचा कागद. त्यात लिहिलं होतं की डोळ्याच्या पडद्यावर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, तो प्रकाश ओळखायला मदत करतो, आमच्या चूर्णाने हा वायू वाढतो आणि चष्मा सुटतो. चष्म्याने डोळे आळशी होतात म्हणून पहिले आठ दिवस तो लावू नये.

माझं डोकं तापलं. गरीब घरच्या पोरी, घरापासून दूर, परीक्षेच्या भीतीने अर्ध्या झालेल्या, आणि त्यांना कुणीतरी फळा दिसू नये अशी व्यवस्था करून चूर्ण विकतोय. राग बरोबर होता. अजूनही आहे. पण रागात मी जे केलं ते मुळीच बरोबर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरली आणि मांडीवर वही ठेवून लिहायला सुरुवात केली. लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तोवर पत्रक पूर्ण झालं होतं. ‘डोळ्यात धूळ फेकणाऱ्यांपासून सावध’ असा मथळा. आणि मधोमध, ठळक अक्षरांत: ‘नायट्रिक ऑक्साइड हा गाड्यांच्या धुरातला विषारी वायू. माणसाच्या डोळ्यात त्याचं काय काम? डोळ्यात असा कोणताही वायू नसतो.’

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. गाड्यांच्या धुरात हा वायू असतो एवढं शाळेत वाचलेलं. बाकीचं मी ठरवलं, कारण चूर्णवाला म्हणाला होता की तो डोळ्यात असतो. तो म्हणतोय म्हणजे खोटंच असणार.

मशीनपाशी उभं राहून मी ते वाचलं. चाचांनी एकदाही मान वर केली नाही. शेवटी म्हणाले, ‘एक नंबर, बेटा. ते धुराचं तर लईच भारी. पार आतपर्यंत जातंय.’

गुलाबी कागदावर छापलं. लातूरला आणून मी आणि वसतिगृहातल्या चार मुलींनी क्लासच्या गल्लीत वाटलं. संध्याकाळी किनवटची मुलगी चष्मा लावून जेवायला आली. मी तिच्या पानात एक पोळी जास्तीची वाढली. चार दिवस मी गल्लीतून अशी चालत होते की जणू गल्ली मीच मोकळी केली.

पाचव्या दिवशी टपरीसमोर गर्दी होती. चूर्णवाला माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोलायला गोड. त्याच्या एका हातात माझं गुलाबी पत्रक होतं आणि दुसऱ्या हातात डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाचं जाडजूड पुस्तक. मला पाहून त्याने जागा करून दिली.

‘या मॅडम, तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. हे वाचा. नायट्रिक ऑक्साइड माणसाच्या शरीरात तयार होतं. रक्तवाहिन्यांत होतं, मेंदूत होतं. हे पुस्तक माझं न्हाई, तुमच्या विज्ञानाचं हाय. आता सांगा पोरांना, धूळ कोण फेकून राहिलंय?’

पोरं हसली. वाईट हसली नाहीत, क्लासमध्ये सरांचं गणित चुकल्यावर हसतात तशी हसली. मी पुस्तकात पाहिलं. ते तिथे होतं. मी म्हणाले, ‘मी तपासून सांगते.’ ‘सांगा की,’ तो म्हणाला, ‘आम्ही कुठं पळून जातोय.’ आमच्या घरात आजवर कुणीही भर गल्लीत ‘मी तपासून सांगते’ असं म्हणालं नव्हतं. आम्ही लोकांना तपासायला लावत असू.

त्या संध्याकाळी ती मुलगी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. चष्मा हातात होता.

‘ताई, मी आता कुणाचं ऐकू?’

‘माझं ऐक. चष्मा लाव.’

‘तुमचं तर खोटं निघालं की. त्याचं निदान पुस्तकात हाय.’

मी म्हणाले, वायूचं वेगळं आणि चष्म्याचं वेगळं. ती म्हणाली, ‘मग वेगळं का न्हाई लिहिलं?’ आणि चष्मा डबीत ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेऊ लागली. शेजारीण घाईत लिहायची आणि गुणिले आणि अधिक सारखंच काढायची. ही पोरगी वर्षभर घासून शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत आली होती, आणि आता मी आणि तो टपरीवाला मिळून तिला तिथूनही खाली ढकलत होतो. त्याने निदान चूर्ण तरी दिलं होतं.

माझी एक आतेबहीण हैदराबादला प्रयोगशाळेत डोळ्याच्या पडद्यावरच काम करते. देगलूरची, मोठी, मी तिला अक्का म्हणते. तिला फोन लावला आणि पत्रक वाचून दाखवलं. ती ‘असा कोणताही वायू नसतो’ या वाक्यापर्यंत शांत होती. मग इतकी हसली की फोन हातातून पडल्याचा आवाज आला.

‘अगं बाई, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच वायूवर काम करून राहिले. तू मला बेरोजगारच केलंस की.’

‘अक्का, हसू नको. नीट सांग.’

‘तुमच्या घराचं असंच आहे. देव मानत नाही, पण राक्षस लागतोच. आता बस आणि लिहून घे.’

मी लिहून घेतलं. तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत इथे मांडते. तिने नंतर वाचून चालेल म्हणून सांगितलंय, त्यामुळे या वेळी निश्चिंत राहा.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो, त्यात पेशींचे थर असतात. सगळ्यात मागच्या थरातल्या पेशी प्रकाश पकडतात. गंमत म्हणजे अंधारात या पेशी सतत बडबडत असतात आणि प्रकाश पडला की त्यांचा आवाज कमी होतो. त्यांच्या गप्प होण्याची खबर पुढच्या थरांत जाते, तिथे तिची छाननी होते आणि मग ती मेंदूकडे निघते. आता डोळ्यापुढची अडचण बघा. पौर्णिमेचं चांदणं आणि मे महिन्यातलं लातूरचं ऊन, दोन्हींत याच एका पडद्याने काम करायचं. उजेड कमी असतो तेव्हा पुढच्या थरांतल्या कितीतरी पेशी एकमेकींचे हात धरतात. प्रत्येकीकडे थोडीशीच खबर असते, ती एकत्र केली की निदान काहीतरी कळतं. पण मग बारीकसारीक दिसत नाही, कारण सगळ्यांचं मिळून एकच सांगणं होतं. उजेड वाढला की हात सुटायला हवेत, म्हणजे प्रत्येक पेशी आपल्या जागेचं वेगळं सांगू शकते.

हात सोडा हे त्यांना सांगतं कोण? सांगणारे काही जण आहेत आणि त्यांतला एक हा वायू. प्रकाश पडला, विशेषतः लुकलुकता प्रकाश, की पडद्यातल्याच काही पेशी तो तयार करतात. शरीरातले बाकीचे निरोप्ये छोट्या पिशव्यांत साठवलेले असतात आणि ठरलेल्या ठिकाणी सोडले जातात. हा वायू कुठल्या पिशवीत टिकत नाही, कारण तो पिशवीच्या भिंतीतूनच आरपार जातो. म्हणून तो साठवता येत नाही. लागेल तेव्हा, लागेल तिथे बनवायचा. बनला की चारी बाजूंना पसरतो, जवळच्या पेशींत शिरतो आणि काही क्षणांत संपतो.

‘म्हणजे पत्रकासारखं,’ मी म्हणाले. ‘पत्ता नाही, पाकीट नाही, जो जवळ आहे त्याच्या हातात.’

‘हाव. फक्त हे दोन-चार सेकंदांत विरतं. तुझं अजून गल्लीत पडलंय.’

मी विचारलं, मग चूर्णवाला खरा? ती म्हणाली, अर्धा. वायू आहे हे खरं. पण चूर्ण खाऊन तो पडद्यावरच्या नेमक्या जागी, नेमक्या क्षणी कसा पोचणार? पडदा आपला आपण बनवतो. आणि उगाच जास्त झाला तर पेशींना त्याचा त्रासच होतो. शिवाय चष्म्याचा नंबर हा बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकाराचा मामला आहे. लांबचं अंधुक दिसणाऱ्याचा डोळा जरा लांबट असतो, चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं. पडद्यातल्या पेशींनी हात धरले काय आणि सोडले काय, डोळा आखूड होणार नाही.

मला एकदम चाचांचा एक नियम आठवला. त्यांच्या छापखान्यात उन्हातून आलेल्या माणसाने दहा मिनिटं प्रूफाला हात लावायचा नाही. बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, मग प्रूफ. उन्हातून आलेला डोळा काना-मात्रा खातो, असं ते म्हणतात. मी अक्काला सांगितलं, ‘हे बघ, हेच ते. आत आल्यावर वायू कमी होतो, पेशी परत हात धरतात. मी हेच उदाहरण टाकते.’

‘झालं, आता राक्षसाचा देव केला. दहा मिनिटं लागतात त्याला मोठं कारण वेगळं आहे, प्रकाश पकडणारं रंगद्रव्य उन्हात खर्च होतं, ते परत भरायला वेळ लागतो. वायूचं काम त्या सगळ्या फेरबदलात एक, आणि तेही आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही. काही पेशींना तो गप्प करतो आणि शेजारचीला काहीच फरक पडत नाही. का, ते विचारू नको. तेच तर शोधून राहिलो.’

‘पत्रकात “आम्हाला माहीत नाही” असं कसं लिहू?’

‘मराठीत लिही.’

आता खरा प्रश्न. दुरुस्ती कशी करायची? अप्पांना फोन केला. वाटलं होतं, ते म्हणतील, छाप, जाहीर माफी छाप. लहानपणापासून मला तेच शिकवलं होतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘दुरुस्ती म्हणून नको. नवीन पत्रक काढ, त्यात बरोबर लिही. जुन्याचा विषय नको. आपण चुकलो म्हटलं की तो तेच टपरीवर लावंल आणि आपली मागची सगळी पत्रकं लोक खोटी म्हणतील.’

‘अप्पा, सरपंचानं असं केलं असतं तर तुम्ही त्याच्यावर पत्रक काढलं असतं.’

‘काढलं असतं.’

‘मग?’

‘मग काय. तू सरपंच न्हाईस.’ आणि लगेच, ‘पत्रकाला मथळा काय देणार हायेस?’

मला कळलं की ते हरले आणि हरल्याचा त्यांना आनंद झाला. मथळा दोघांनी मिळून ठरवला: ‘आमचं चुकलं. चूर्णवाल्याचंही.’

नांदेडला गेले तेव्हा दुपार होती. चाचांनी नियमाप्रमाणे बाकावर बसवलं. मी कागद उघडून वाचायला तोंड उघडलं तसं त्यांनी मशीन बंद केलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

‘हे कानानं न्हाई. मागलं कानानं पास केलं आणि फसलो. दे इकडं.’ त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि बोट फिरवत सगळं पत्रक मनातल्या मनात वाचलं. ‘आम्हाला माहीत नाही’पाशी बोट थांबलं.

‘हे राहू द्यायचं?’

‘राहू द्यायचं.’

‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा छापून राहिलो हे वाक्य,’ ते म्हणाले. ‘जरा मोठ्या टाइपात घेतो.’

गल्लीत पत्रक वाटलं. अप्पा म्हणाले होते तसंच झालं. चूर्णवाल्याने त्याचा वरचा अर्धा भाग, ‘आमचं चुकलं’ एवढाच, कापून टपरीच्या काचेवर चिकटवला. पोरं येता-जाता वाचायची. मी मात्र या वेळी चिडले नाही. खरं सांगायचं तर चिडले, पण त्या रात्री नीट जेवले.

ती मुलगी पत्रक घेऊन आली. तिने समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

‘पेशी हात सोडतात हे समजलं. डोळा लांबट, हेही समजलं. पण ताई, मागल्या टायमालाही तुम्ही असंच ठासून लिहिलं होतं. आता हे खरं कशावरून?’

मी तोंड उघडलं. आत तयार वाक्य होतं, अक्का प्रयोगशाळेत काम करते वगैरे. पण तेही ‘माझं ऐक’च झालं असतं. म्हणाले, ‘माझ्यावरून नको. तूच तपास.’

‘कसं?’

‘ते तू ठरव. डॉक्टर तुला व्हायचंय.’

तिने ठरवलं. आमच्या मेसच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे, मोठ्या अक्षरांत सुरू होते आणि जागा पुरली नाही म्हणून खाली बारीक होत जाते. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून, चष्म्याशिवाय, रोज दुपारी एकाच वेळी, किती ओळी वाचता येतात ते लिहायचं. चूर्ण कागदावर सांगितलं तेवढंच घ्यायचं. मी म्हणाले, वर्गात तरी चष्मा लाव. ती म्हणाली, ‘न्हाई. लावला तर तो म्हणंल, नियम मोडला म्हणून गुण आला न्हाई. त्याच्या म्हणण्याप्रमाणंच करते.’

तिचं बरोबर होतं. अजून आठ दिवस फळ्याशिवाय. मी शेजारणीला गुणिले नीट काढायला सांगून आले. त्या आठ दिवसांत मेसमध्ये काम करणाऱ्या मावशींनी पाटी पुसायला कापड घेतलं की सगळ्या मुली ओरडायच्या, ‘मावशी, प्रयोग चालूय.’ मावशी म्हणायच्या, ‘प्रयोग करा की, पण ताटं धुऊन करा.’

पहिल्या दिवशी तिसरी ओळ. दुसऱ्या दिवशी तिसरी. पाचव्या दिवशी ढग आले, मेसमध्ये अंधारून आलं, तर दुसरीच ओळ. एकदा ती गच्चीवरून कपडे काढून थेट उन्हातून आली, तर पहिलीही धड दिसेना. ती उभी राहिली, वाट पाहिली, हळूहळू पुन्हा तिसरी. हेही तिने लिहून ठेवलं आणि पुढे कंसात ‘हात धरले असतील, रंगद्रव्यही’ असं लिहिलं. आठव्या दिवशी सगळ्या मुली जमल्या. मी तिच्या मागे दारात उभी होते. तिने डोळे बारीक केले नाहीत, पुढे वाकली नाही. सरळ उभं राहून वाचलं.

‘तिसरी.’

मग डबीतून चष्मा काढला, ओढणीने पुसला, लावला आणि त्याच उंबऱ्यावरून वाचत सुटली. चौथी, पाचवी, सहावी. आवाज न करणे. अन्न वाया न घालवणे. शेवटच्या, सगळ्यात बारीक ओळीवर आली आणि थांबली.

‘नऊ. रविवारी गोड पदार्थ दुसऱ्यांदा मागितल्यास वाढण्यात येईल.’

सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

‘मला वाचता येत न्हाई,’ मावशी म्हणाल्या. ‘ह्यांना येतं.’

‘ताई, तुम्ही रेक्टर ना?’ ती म्हणाली. ‘तुम्हाला तर चष्माबी न्हाई.’

पाटी माझ्या आधीच्या रेक्टरच्या काळातली होती आणि मी ती कधीही शेवटपर्यंत वाचली नव्हती. पुन्हा एकदा, त्याच महिन्यात दुसऱ्यांदा, मी सगळ्यांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणाले. सरावाने सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टपरीवर गेली. मी सोबत गेले, पण चार पावलं मागे. चूर्णवाल्याने वही उलटीसुलटी पाहिली.

‘एका डब्यानं न्हाई होत ताई. दोन डबे लागतात.’

‘मग कागदावर तसं लिहा,’ ती म्हणाली. ‘म्हणजे पुढच्या पोरीला किती दिवस फळा दिसणार न्हाई ते कळंल.’

टपरीसमोर उभ्या असलेल्या दोन मुलींनी तिच्याकडे वही मागितली. एकीने तर तिथेच स्वतःच्या वहीत रकाने आखायला घेतले. चूर्णवाल्याने काचेवरचं ‘आमचं चुकलं’ नखाने खरवडून काढलं. ते नीट निघालं नाही, ‘चुकलं’ तेवढं राहिलं.

परत येताना ती गल्लीतल्या पाट्या वाचत चालली होती, लांबूनच, एकेक करून, मोठ्याने. झेरॉक्स. स्टेशनरी. बायोलॉजी, तिसरा मजला. कोपऱ्यावर आली तशी म्हणाली, ‘तुमचं बरोबर निघालं. ह्या वेळेस.’

‘पुढच्या वेळेसही निघेल.’

‘पुढच्या वेळेस छापायच्या आधी मला दाखवा,’ ती म्हणाली, आणि क्लासची वेळ झाली म्हणून पळत सुटली.